यंत्रमल्ल आणि त्यांची खेळणी

आमच्या शाळेच्या वार्षिकाच्या मराठी विभागात निसर्गवर्णने, प्रवासवृत्ते व थोर पुरुषांची चरित्रे ह्यांची वाण सहसा पडत नाही. म्हणून ह्या खेपेस एका खेळण्याविषयी चार पाने लिहिण्याची परवानगी आम्ही संपादकांकडून मागून घेतली आहे. हे खेळणे तळहातावर मावेल एवढे असते. त्याला दोन चाके, पुढच्या अंगाला गरगर फिरणारे पाते किंवा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उसळणारी फळी, आणि ते दुरून चालविण्यासाठी मुलाच्या हाती एक रिमोट. अशी दोन यंत्रे फरशीवर समोरासमोर सोडावयाची आणि एकाने दुसऱ्यास उलथे पाडावयाचे, एवढाच काय तो खेळ. पालकांपैकी पुष्कळांनी तो मुलांच्या हट्टास्तव घरी आणला असेल. काहींनी आवाजास कंटाळून माळ्यावर टाकला असेल. हा लेख दोघांकरिताही आहे.

झुंजीची हौस मुलांच्या ठिकाणी आजची नाही. भोवऱ्याच्या आरेने दुसऱ्याचा भोवरा दुभंगविणे, मांजाने पतंग काटणे, हे खेळ आमच्या आजोबांच्याही वेळी होते. दुरून हालविलेली बाहुलीही आम्हांस नवी नाही; सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावची ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या नाचवीत आली आहेत. नवे आहे ते एवढेच, की सूत्र नाहीसे झाले आणि कळ तेवढी राहिली.

हे सूत्र प्रथम तोडले निकोला टेस्ला ह्यांनी. 1898 साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विद्युत्प्रदर्शन भरले असता त्यांनी पाण्याच्या हौदात एक लहानशी बोट सोडली आणि तिला हात न लावता, तारेचा संबंध न ठेवता, बिनतारी लहरींनी हवी तशी वळवून दाखविली. प्रेक्षकांतील कोणी त्यास जादू म्हटले. एका प्रेक्षकाने बोटीस चौसष्टाचे घनमूळ विचारले आणि तिचे दिवे चार वेळा लुकलुकले, अशी आख्यायिका आहे. दिवे अर्थात टेस्लाच लुकलुकवीत होते. त्याच वर्षी 8 नोव्हेंबर रोजी त्यांस ह्या शोधाचे अमेरिकन पेटंट मिळाले; त्याचा क्रमांक 6,13,809. त्या पेटंटाच्या लेखात त्यांनी ह्या शोधाचा मोठा उपयोग युद्धात होईल, आणि त्याच्या संहारशक्तीच्या धाकाने राष्ट्राराष्ट्रांत शांतता नांदेल, असे भाकीत केले आहे. भाकिताच्या उत्तरार्धाची गती काय झाली ते वाचक जाणतातच. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुरून चालणारे पहिले यंत्र जन्मले तेच मुळी अर्धे खेळणे आणि अर्धे शस्त्र असे, आणि ती जुळी भावंडे अद्याप एकमेकांचा हात सोडावयास तयार नाहीत.

‘रोबो’ हा शब्द मागून आला. कारेल चापेक ह्या चेक नाटककाराने 1920 साली प्रसिद्ध केलेल्या ‘आर. यू. आर.’ नाटकात तो योजिला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘यंत्रमानव’ असे करण्याचा प्रघात आहे, परंतु आमच्या ह्या खेळण्यात मानवासारखे काहीच नाही. त्याला तोंड नाही, हातपाय नाहीत, आणि स्वतःची अक्कल तर मुळीच नाही. म्हणून आम्ही त्यास यंत्रमल्ल म्हणतो. तो वेठीस धरलेला मल्ल आहे खरा.

ह्या मल्लांचा आखाडा कसा उभा राहिला, ती हकीकतही गमतीची आहे. मार्क थॉर्प हे चित्रपटांच्या प्रतिकृती बनविणारे कारागीर. ते लुकासफिल्म कंपनीच्या खेळणी-विभागात काम करीत असता 1992 च्या सुमारास त्यांनी दुरून चालणारे केर काढण्याचे यंत्र करून पाहिले. यंत्राने केर काही नीट काढला नाही. पण अशी दोन यंत्रे एकमेकांवर सोडली तर काय होईल, हा विचार त्यातून निघाला. 1994 च्या ऑगस्टात सॅन फ्रान्सिस्को येथे फोर्ट मेसनच्या जागेत त्यांनी पहिला ‘रोबो वॉर्स’ सामना भरविला. हाच प्रकार इंग्लंडात बीबीसीने 1998 पासून दाखविला. अमेरिकेत ट्रे रॉस्की व ग्रेग मन्सन ह्या चुलतभावांनी 1999 साली ‘बॅटलबॉट्स’ काढले, ते दूरचित्रवाणीवर प्रथम 2000 ते 2002 आणि पुन्हा 2015 पासून झळकले. मल्ल गाजला की त्याची खेळणी निघावयाचीच. पहिल्या लाटेत टायगर इलेक्ट्रॉनिक्सने, आणि दुसऱ्या लाटेत टेक्सासमधील ग्रीनव्हिल गावच्या इनोव्हेशन फर्स्ट कंपनीने ‘हेक्सबग’ ह्या नावाखाली, प्रसिद्ध यंत्रांच्या छोट्या आवृत्त्या बाजारात आणल्या. ‘टूमस्टोन’ व ‘विच डॉक्टर’ ह्यांची जोडी मुलांच्या विशेष आवडीची. म्हणजे खेळणी करणाऱ्याच्या डोक्यातून खेळ निघाला, आणि खेळातून पुन्हा खेळणी निघाली. बी आणि झाड ह्यांपैकी आधी काय, हा प्रश्न येथे निदान सुटलेला आहे.

आता मोठ्या यंत्राची आणि छोट्याची तुलना करू. ही आमच्या आवडीची बाब असल्यामुळे वाचकांनी थोडा धीर धरावा. अमेरिकेतील त्या आखाड्यात यंत्राचे वजन 250 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 113 किलो चालते. ‘टूमस्टोन’चे आडवे पोलादी पातेच सुमारे तीस किलोचे. अशा दोन यंत्रांची टक्कर होते तेव्हा ठिणग्यांचा पाऊस पडतो आणि लोखंडाचे तुकडे उडतात. आखाडा 48 फूट लांब व तितकाच रुंद असून त्यास चहूंकडून जाड, न फुटणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या भिंती असतात. चालविणारे भिंतींबाहेर उभे राहतात. ह्या भिंती उंच व भक्कम कशाने झाल्या, त्यास इतिहास आहे. 1995 च्या सामन्यात जेमी हायनमन ह्यांच्या ‘ब्लेंडो’ नावाच्या गरगरत्या घुमटाने प्रतिस्पर्ध्याचे तुकडे भिंतीपलीकडे भिरकाविले. तेव्हा चालकांनी त्यास सहविजेता ठरवून मोठ्या आदराने बाहेर काढले! विजयमाला घालून मल्लास आखाड्याबाहेर घालविण्याचा असा प्रसंग आमच्या वाचनात दुसरा नाही.

अशा यंत्राची लांबी समजा एक मीटर आहे, आणि खेळण्याची त्याच्या अष्टमांश, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. सर्व भाग त्याच धातूचे ठेविले तरी वजन अष्टमांश होत नाही. लांबी, रुंदी व उंची तिन्ही आठपटीने घटल्यामुळे ते पाचशेबाराव्या हिश्श्यावर येते. 113 किलोंस 512 ने भागा. सुमारे 220 ग्रॅम येतात. भागांची मजबुती मात्र त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे ती चौसष्टाव्या हिश्श्यापर्यंतच उतरते. म्हणजे आपल्या वजनाच्या मानाने छोटे यंत्र मोठ्याहून आठपट बळकट ठरते. मुंगी स्वतःहून कितीतरी जड कण ओढून नेते आणि हत्तीस साधी उडी मारता येत नाही, त्याचे इंगित हेच. गॅलिलिओने 1638 च्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट हाडांची उदाहरणे देऊन समजाविली आहे. आमचे विद्यार्थी घन व वर्ग केवळ परीक्षेपुरते पाठ करतात, त्यांनी हे खेळणे एकदा हातात धरून पाहावे.

ह्यातून खेळणी करणाऱ्यांपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. छोटा मल्ल फुटेच ना! मेजावरून पडला तरी जसाच्या तसा. त्यात पाते प्लास्टिकचे, मुलाच्या बोटास इजा होऊ नये इतपतच जोराचे. मग झुंजीत हार-जीत दिसावी कशी? तेव्हा त्यांनी अशी युक्ती काढली की खेळण्याच्या अंगावरील चिलखताचे तुकडे सैल खाचांत नुसते अडकवून ठेवावयाचे. धक्का लागला की ते उडून पडतात. मुलाने ते उचलून पुन्हा दाबून बसविले की मल्ल लढावयास सिद्ध. खऱ्या आखाड्यातील यंत्र न मोडावे म्हणून त्याचा कर्ता रात्रंदिवस खपतो, आणि खेळण्याचा कर्ता ते मोडल्याचे सोंग यावे म्हणून खपतो.

ह्या सोंगात हानी काही नाही, पण एक वस्तू मात्र हातची जाते असे आम्हांस वाटते. खऱ्या सामन्यात झुंज तीन मिनिटांची. तिच्या मागेपुढे असलेल्या कामाच्या शेडमध्ये संघ वाकलेल्या धुऱ्या बदलतो, जळालेल्या तारा तोडतो, कधी शेजारच्या, म्हणजे उद्या ज्याच्याशी लढावयाचे त्याच संघाकडून एखादी मोटार उसनी मागून आणतो, आणि तो देतोही. चालविणे हा ह्या विद्येचा लहान हिस्सा आहे. मोठा हिस्सा दुरुस्तीचा. खेळण्याने मुलास पहिला हिस्सा पुरेपूर दिला आणि दुसरा पेटीतच बंद करून ठेविला.

आमच्या घरी अशी जोडी आली ती जत्रेतल्या दुकानातून. तिच्यावर कोणत्याही कारखान्याचे नाव नव्हते. आमचा पुतण्या चि. ओंकार बारा वर्षांचा, आणि त्याची प्रतिस्पर्धी शेजारची रूथ. (पुढील मजकूर ओंकाराच्या संमतीने छापला आहे. त्याने एक शब्द बदलून घेतला. कोणता, ते सांगावयाचे नाही असे ठरले आहे.) दोन्ही यंत्रे अवरक्त किरणांवर चालणारी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखीच. हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत, पण रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले तर बहुधा जांभळट ठिपका चमकताना दिसतो. वाचकांनी करून पाहावे. त्यांचा दोष असा की भर उन्हात ते सूर्याच्या तेजात बुडून जातात. पहिल्याच दिवशी दुपारी अंगणात दोन्ही मल्ल बहिरे झाले. ओंकाराने बटणे आपटली. रूथने यंत्रे उचलून ओसरीच्या सावलीत नेली. तेव्हापासून ती जिंकू लागली ती जिंकतच राहिली. ओंकार तडक धावून जावयाचा. ती मात्र कुस्तीतल्या खडाखडीप्रमाणे आधी भोवती फिरावयाची, आणि त्याची बगल उघडी पडताच आत शिरावयाची.

आठव्या का नवव्या दिवशी रूथचे यंत्र मधेच अडखळू लागले. आमच्या मातोश्री ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. त्या उठल्या, आणि त्यांनी ओंकाराच्या पाठीमागून टीव्हीचा रिमोट काढून घेतला. तो मागच्या हाताने त्याचे बटण दाबून धरीत होता, आणि त्या किरणांच्या गलबल्यात रूथची आज्ञा तिच्या यंत्रास ऐकू येत नव्हती. युक्ती शास्त्रशुद्ध होती, हे आम्ही मनातल्या मनात कबूल केले; मातोश्रींनी मात्र आठ दिवस खेळ बंद केला. त्यापूर्वी आम्ही त्यांस विचारले होते, की लढाईचे असले खेळणे घरात असावे हे आपणांस रुचते काय? त्या म्हणाल्या, “कोंबड्यांच्या झुंजी मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्या पाहून जेवण जात नसे. ह्यात कोणाचे रक्त येत नाही, कोणाची आई रडत नाही. लढू देत.” प्राण्यांस झुंजीस लावणे 1960 च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, मातोश्रींस कायदा ठाऊक नव्हता, पण निकाल तोच निघाला. खोटे खेळणे मात्र त्यांच्या न्यायालयात लढाईहून मोठा अपराध ठरला, आणि आम्हांसही तो तसाच वाटतो.

ह्या आठ दिवसांच्या आत दुसरेच एक प्रकरण घडले. ओंकाराचे वडील, म्हणजे आमचे वडील बंधू, ह्यांचे तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. उन्हाळ्यात विजेचा दाब उतरला किंवा तीनपैकी एक फेज गेला की शेतांतील पंपांच्या मोटारी जळतात, आणि शेतकरी त्या खांद्यावर घेऊन दादांकडे येतात. जुनी तार काढावयाची, वेढे मोजावयाचे, तितक्याच वेढ्यांची नवी तार बसवून वार्निश चढवावयाचे. दादांच्या बोटांस तो वार्निशाचा वास कायमचा लागलेला आहे. त्या सप्ताहात वर्गातील एका मुलाने विचारले असता ओंकाराने आपले वडील “शहरातल्या कंपनीत असतात” असे सांगितले. ही गोष्ट फिरत फिरत दादांच्या कानी गेली. ते काही बोलले नाहीत. जेवताना ताटाकडे पाहत राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून हात दोनदा साबणाने धुऊन मग घरात येऊ लागले. हे आम्ही पाहिले, ओंकारानेही पाहिले. घरात ह्या विषयावर शब्द निघाला नाही.

बंदीचा काळ संपला त्याच सायंकाळी ओंकाराचा मल्ल गच्चीच्या जिन्यावरून खाली अंगणात कोसळला. चिलखत उडाले, ते बसविता आले. पण यंत्र सरळ जाईना. घाण्याच्या बैलासारखे ते एकाच जागी गोल गोल फिरू लागले. अशा यंत्रास वळविण्यासाठी वेगळे सुकाणू नसते. दोन चाकांस दोन मोटारी असतात, आणि बैलगाडी वळविताना आतला बैल थोपवितात तसे एक चाक थोपवून ते वळविले जाते. उजवा बैल मेला होता, एवढाच त्याचा अर्थ. ओंकार ते घेऊन आमच्याकडे आला. आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो. त्यास कारण सांगितले, आणि दुरुस्तीसाठी त्याच्या वडिलांचे नाव सांगितले. तो बराच वेळ पायरीवर बसून होता. मग उठून दुकानाकडे गेला. आम्ही चार पावले मागे राहून गेलो.

दादांनी यंत्र हातात घेतले आणि उलटे केले. घड्याळजीचा बारीक पेचकस त्यांच्याजवळ नव्हता, तो शेजाऱ्याकडून आणविला. झाकण निघाले. आत केसाएवढी एक तांबडी तार मोटारीच्या पायापासून सुटून लोंबत होती. खऱ्या मोडतोडीचे ते पहिलेच दर्शन. “धर,” दादा म्हणाले. ओंकाराने चिमट्याने तार धरली. हात कापत होता. पंपाच्या तारांवर चालणारी दादांची सोल्डरिंगची सळई ह्या कामास फार जाड. त्यांनी तिच्या टोकास तांब्याच्या तारेचे दोन वेढे देऊन त्या तारेचेच बारीक टोक केले, आणि श्वास रोखून डाखेचा एक थेंब ठेविला. चाक फिरले.

“बाबा, आपल्या पंपाच्या मोटारी अशाच असतात?” ओंकाराने विचारले.

“छे. हिच्यात चुंबक आहे, आणि वीज आत नेण्यासाठी ब्रश आहेत. ते झिजतात. पंपाच्या मोटारीत चुंबकही नाही, ब्रशही नाही. बाहेरच्या वेढ्यांत वीज फिरते, तिच्या ओढीने आतला भाग फिरतो.” एवढे बोलून ते थांबले, मग म्हणाले, “वेढे मोजशील? आज एक मोठी आली आहे.”

ओंकार रात्री साडेनऊपर्यंत वेढे मोजीत होता. दोनदा मोजणी चुकली. तिसऱ्यांदा बाप-लेकांची संख्या एक आली. घरी आला तेव्हा त्याच्या बोटांस वार्निशाचा वास होता. त्या रात्री त्याने हात एकदाच धुतले. त्यानंतर वर्गात त्याने काय सांगितले, हे आम्ही विचारले नाही.

एकदा झाकण उघडले की ते पुन्हा नुसते बंद होत नाही. ओंकारास आता कळले आहे की यंत्रमल्ल विकत घेण्याबरोबरच ते घडविताही येतात, आणि त्यांत लहान वजनाचेही वर्ग आहेत. अमेरिकेत एक पौंड, म्हणजे 454 ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास मुंगीवजनी म्हणतात. इंग्लंडात ह्याच नावाची मर्यादा अवघी 150 ग्रॅम. आपल्याकडे मुंबईस पवई येथील आयआयटीच्या विद्यार्थ्यांच्या ‘टेकफेस्ट’ उत्सवात मोठ्या वजनाच्या झुंजी होत आल्या आहेत. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठाच्या ‘रायोबॉट्झ’ संघाने, ज्यांचा ‘मिनोटॉर’ अमेरिकेतही गाजला, आपली सारी विद्या तीनशेहून अधिक पानांच्या पुस्तकात लिहून सर्वांस फुकट खुली केली आहे. प्रा. मेजिओलारो हे त्याचे लेखक. पुस्तक इंग्रजीत आहे. त्यातील मोटारींचे प्रकरण ओंकार मोठ्याने वाचतो, आम्ही मराठीत सांगतो, आणि दादा मधूनमधून “हे बरोबर आहे” किंवा “हे त्याला विचारावयास हवे” असा अभिप्राय देतात.

सध्या त्यांचा मुंगीवजनी मल्ल दुकानाच्या फळीवर अर्धा उभा आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर तो 510 ग्रॅम भरला. छप्पन्न ग्रॅम कोठून काढावे ह्यावर वाद चालू आहे. दादा तळाची पोलादी पट्टी सोडावयास तयार नाहीत; ओंकार म्हणतो तिला भोके पाडावीत. रूथचे म्हणणे असे की दोघांनीही आधी स्क्रू मोजावेत. तिने ते मोजले आहेत, चौतीस आहेत, आणि तिच्या मते निम्म्यांची काहीच गरज नाही.